तिहेरी उडीत करिअर किती वर्षांचं असतं? सोळा वर्षांच्या खेळाडूच्या आईला उत्तर

ताई, तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. मुलगी सोळा वर्षांची, अकरावी सायन्सला. खो-खो खेळता खेळता उड्यांकडे वळली आणि यंदा विभागीय स्पर्धेत तिहेरी उडीत १२.०८ मीटर उडाली. उजव्या पायावरून उचल घेते आणि गेले दोन महिने त्याच पायाची टाच दुखतेय. सर म्हणतात ही आंतरराष्ट्रीय खेळेल, घरचे म्हणतात आधी बारावी होऊ दे. तुमचा प्रश्न असा की या खेळात आंतरराष्ट्रीय करिअर म्हणजे नेमकं काय, ते किती वर्षं चालतं, आणि आत्ता वर्षभर वेग कमी केला तर गाडी चुकेल का?

गाडी चुकणार नाही. हे मी तुमचं मन राखायला सांगत नाही. सत्तावीस वर्षं उड्या शिकवतोय, त्याआधी विद्यापीठासाठी स्वतः उडायचो. मैदानावरच्या सगळ्या खेळांत ही उडी फार उशिरा पिकते. सोळाव्या वर्षी बारा मीटर म्हणजे बी चांगलं आहे एवढंच कळतं. पीक यायला अजून सात-आठ वर्षं आहेत. तेवढी वर्षं तिचे घोटे, टाचा आणि गुडघे टिकले तर.

आधी आकडे समोर ठेवतो, म्हणजे अंतर कळेल. महिलांचा राष्ट्रीय विक्रम १४.११ मीटरचा, मयुखा जॉनीनं २०११ साली कोबेच्या आशियाई स्पर्धेत केलेला. चौदा मीटर ओलांडणारी ती पहिली भारतीय. पॅरिस ऑलिंपिकसाठी थेट पात्रतेचं अंतर होतं १४.५५. म्हणजे आपला विक्रमच त्या दाराच्या ४४ सेंटीमीटर अलीकडे. जागतिक विक्रम व्हेनेझुएलाच्या युलिमार रोहासचा, १५.७४, बेलग्रेडच्या इनडोअर स्पर्धेतला. तुमच्या मुलीला या रांगेत पोचायला दोन-अडीच मीटर मिळवायचे आहेत. ते वर्षाला दहा, पंधरा, वीस सेंटीमीटर असे मिळतात, आणि एखाद्या वर्षी काहीच मिळत नाही. ते काहीच न मिळणारं वर्ष ज्याला पचवता येत नाही, तो या खेळात राहत नाही.

आता एका माणसाचं करिअर उलगडून सांगतो. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक मुलाला मी हे कागदावर लिहून देतो. ब्रिटनचा जोनाथन एडवर्ड्स, जन्म १९६६. पुरुषांचा जागतिक विक्रम आजही त्याच्या नावावर आहे. बावीसाव्या वर्षी तो सोल ऑलिंपिकला गेला आणि पात्रता फेरीतच बाद झाला. १९९१ च्या टोकियो जागतिक स्पर्धेला गेलाच नाही, कारण पात्रता फेरी रविवारी होती आणि श्रद्धेपोटी तो रविवारी खेळत नसे. ऐन उमेदीचं वर्ष असं गेलं. १९९२ ला बार्सिलोनात पुन्हा पात्रता फेरीत बाद. सव्वीस वर्षं वय, दोन ऑलिंपिक, त्यांतून हातात काही नाही. शिक्षण फिजिक्सचं, मधल्या काळात न्यूकॅसलला प्रयोगशाळेत नोकरी. आपल्याकडे अशा मुलाला घरचे काय म्हणाले असते, तुम्हाला ठाऊक आहे.

१९९३ ला त्यानं रविवारचा नियम सोडला आणि श्टुटगार्टला जागतिक कांस्य मिळवलं. लगेच पुढचं वर्ष विषाणूच्या आजारात गेलं, अंगात त्राण नाही. तो परतला १९९५ साली, एकोणतिसाव्या वर्षी, हातांची ढब बदलून. दोन्ही हात एकदम मागून पुढे आणायचा. जुलैत सालामांकाला १७.९८, म्हणजे विली बँक्सचा दहा वर्षांचा विक्रम एका सेंटीमीटरनं मोडला. ७ ऑगस्टला योटेबोर्गच्या जागतिक स्पर्धेत पहिलीच उडी १८.१६. पाठीमागचा वारा नियमाच्या मर्यादेत असताना अठरा मीटर ओलांडणारा तो पहिला माणूस. दुसरी उडी १८.२९. साठ फूट आणि वर इंचभराचा काही भाग.

त्या १८.२९ ची फोड मला तोंडपाठ आहे: हॉप, म्हणजे उचलीच्याच पायावर पडणारी पहिली उडी, ६.०५; स्टेप, दुसऱ्या पायावर पडणारी, ५.२२; जंप, शेवटची वाळूत, ७.०२. लहानपणी तळ्याच्या पाण्यावर चपटा दगड मारून भाकऱ्या काढायचो ना आपण, तसा तो जातो. दगड उंच फेकला की पाण्यात बुडतो, सपाट फेकला तर टप्पे घेत लांब पळतो. एडवर्ड्सचा हॉप चपटा होता. वर जाण्यात त्यानं वेग घालवला नाही, म्हणून शेवटच्या उडीला सात मीटर उरले. सत्तरेक किलोचा, सडपातळ माणूस. मांड्या बघून कुणी म्हणालं नसतं की हा जगात सगळ्यात लांब उडेल. तुमची मुलगी हडकुळी आहे असं तुम्ही काळजीनं लिहिलंय, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

विक्रमानंतरचा भाग कुणी सांगत नाही. पुढच्याच वर्षी अटलांटा ऑलिंपिकला सगळ्यांनी सुवर्ण त्याच्या नावावर लिहून ठेवलं होतं. तो १७.८८ उडाला आणि अमेरिकेच्या केनी हॅरिसननं १८.०९ उडून ते नेलं. १९९७ ला अथेन्सला रौप्य. १९९९ ला सेव्हिलला कांस्य. विक्रम करूनही ऑलिंपिक सुवर्ण नाही आणि वय चढत चाललंय. ते अखेर सिडनीत मिळालं, २००० साली, १७.७१ च्या उडीवर, चौतिसाव्या वर्षी. २००१ ला एडमंटनला पुन्हा जगज्जेता, २००२ ला मँचेस्टरला राष्ट्रकुल सुवर्ण आणि २००३ ला निवृत्ती. पहिल्या ऑलिंपिकपासून शेवटच्या स्पर्धेपर्यंत पंधरा वर्षं. त्यातली पहिली पाच जवळजवळ कोरडी.

मुलींच्या बाजूनं कोलंबियाची कॅतरिन इबारग्वेन बघा. अथेन्स ऑलिंपिकला ती उंच उडीत उतरली होती. २००८ च्या ऑलिंपिकला पात्रच ठरली नाही. तिहेरी उडीकडे पूर्णपणे वळली ती त्यानंतर, म्हणजे चोविशी उलटल्यावर. लंडनला अठ्ठाविसाव्या वर्षी रौप्य, रिओला बत्तिसाव्या वर्षी सुवर्ण, आणि मधे सलग चौतीस स्पर्धा जिंकल्या. या हिशेबानं तुमच्या मुलीनं बारावीत आठवड्याला दोन सराव कमी केले तर काय बुडणार आहे?

हे सगळं आता त्या टाचेपाशी आणतो, कारण माझ्या दृष्टीनं तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य ते आहे.

या उडीत उजव्या पायानं बोर्डवरून, म्हणजे उचलीच्या फळीवरून, उचल घेतली की हॉप पुन्हा त्याच पायावर पडतो. मग स्टेप डाव्यावर, आणि डाव्यानं उचलून वाळूच्या पिटात. म्हणजे बोर्डची धडक उजव्यावर, आणि हॉपनंतर जमिनीवर आदळणंही उजव्यावरच. मोठ्या खेळाडूंच्या पायाखाली जोर मोजणारी प्लेट ठेवून मोजलंय, हॉपवरून उतरताना शरीराच्या वजनाच्या पंधरापट जोर एका पायावर येऊ शकतो. तुमची मुलगी पंचेचाळीस किलोची असेल आणि जोर याच्या निम्माच असेल, तरी क्षणभर तीनशे किलोच्या वर. तेही ज्या मैदानावर सिंथेटिक नाही, मुरुमाची धावपट्टी आहे, तिथे.

उड्या मारणाऱ्यांची टाच बहुधा तीन कारणांनी दुखते. पहिलं, नुसता मुका मार. टाचेखालची चरबीची गादी चेचली जाते. दुसरं, या वयात हाड अजून वाढत असेल तर टाचेच्या वाढीच्या भागाला सूज येते. तिसरं, आणि यालाच मी भितो, हाडाला बारीक चीर. पहिली दोन विश्रांतीनं जातात. तिसरी मात्र, विश्रांती न घेता उडत राहिलं तर, वर्ष खाते. घरी फरक कळत नाही. दोन महिने दुखतंय म्हणजे क्रीडावैद्यक जाणणाऱ्या अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवायलाच हवं. साध्या एक्स-रेवर बारीक चीर पुष्कळदा दिसत नाही, म्हणून ‘एक्स-रे चांगला आलाय’ एवढ्यावर समाधान मानू नका. एमआरआय लागेल का, हे विचारा.

इथे माझं एक सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्याकडे एक मुलगी होती, तुमच्या मुलीएवढीच. राज्य निवड चाचणीच्या आधी तिचा पाय वरच्या बाजूला, कमानीपाशी दुखायचा. मी बर्फ लावायला सांगितला. चाचणीच्या दिवशी चौथ्या उडीनंतर ती लंगडली, आणि मी म्हणालो, “अजून एकच, मग बस.” ती निमूटपणे मागे गेली, धाव सुरू करायच्या खुणेवर उभी राहिली, पळाली. बोर्डवर पाय पडल्यावर जो आवाज आला तो मी आजही विसरलो नाही. पावलाच्या मधल्या नॅव्हिक्युलर हाडाला चीर होती, ती वाढली. अकरा महिने ती मैदानापासून लांब होती आणि परतल्यावर उजव्या पायावर विश्वास ठेवायला आणखी एक हंगाम गेला. निवडीसाठी हवं असलेलं अंतर दुसऱ्याच उडीत झालं होतं. पाचव्या उडीची गरजच नव्हती. तेव्हापासून माझा नियम आहे: चालताना दुखत असेल तर उडी नाही, स्पर्धा कोणतीही असो. तुमच्या सरांशी याबद्दल बोला. चांगले सर असतील तर रागावणार नाहीत.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट, जी पुरुष प्रशिक्षक संकोचानं विचारत नाहीत. तिची पाळी नियमित आहे का? सराव वाढलाय आणि खाणं तेवढंच राहिलंय, अशी स्थिती असली की पाळी लांबते, थांबते, आणि हाडं कच्ची पडू लागतात. तीन महिने पाळी आली नाही तर त्याला ‘खेळाडूंचं असं होतंच’ म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना दाखवा. हिमोग्लोबिन तपासा. सकाळच्या सरावाला ती नुसत्या चहा-बिस्किटावर जात असेल तर तेही आजपासून बंद करा. भाकरी, अंडं, शेंगदाण्याचा लाडू, केळं, काहीही चालेल, पण पोटात काहीतरी जाऊ दे.

सरावाबद्दल थोडं. आपल्याकडे मुलं हॉप लांब मारतात, कारण हॉप दिसतो. मग स्टेपला काही उरत नाही, पाय नुसता टेकतो आणि पुढे ढकलला जातो. मी मुलांना डोळे मिटून दुसऱ्याची उडी ऐकायला लावतो. चांगल्या उडीचे तीन ठोके सारख्या अंतरानं येतात: ठप्प, ठप्प, ठप्प. वाईट उडीत पहिल्या दोन ठोक्यांत मोठी फट आणि मग दोन घाईचे: ठप्प… ठप्प-ठप्प. खो-खोमधून आलेल्या मुलींना ही लय लवकर सापडते, हा माझा अनुभव. त्यांना वाकून, बुटकं होऊन वेगात दिशा बदलायची सवय असते, घोटे तयार असतात. पण तीच सवय आड येते, कारण त्या स्टेपमध्ये कंबर खाली सोडतात. तिच्या सरांना सांगा, तिला गवतावर छोट्या उंचीचे बाउंड, म्हणजे उसळत्या ढांगा, करू द्या, लांबीचा नाद न करता, कंबर उंच ठेवून. पूर्ण लांबीच्या धावेवरून पूर्ण उड्या या वयात आठवड्यातून एकदा, त्याही मोजून सहा-आठ. बाकी दिवस धावणं, ताकद आणि छोट्या धावेच्या उड्या.

स्पाइक्स, म्हणजे खिळ्यांचे बूटही बघा. तिहेरी उडीचे स्पाइक्स वेगळे मिळतात, टाचेला जाड आधार असलेले. धावण्याच्या स्पाइक्सवर हॉप उतरवणं म्हणजे टाचेला जवळजवळ अनवाणी आपटणं. साधा प्लॅस्टिकचा हील कप आत घातला तरी फरक पडतो, पण तो डॉक्टरांच्या सल्ल्यानंतर. दुखणं झाकून उडण्यासाठी नाही.

आता आंतरराष्ट्रीय म्हणजे कसलं आयुष्य, ते. आपल्या देशातली ही उडी गेल्या काही वर्षांत खरोखर पुढे गेलीय, निदान मुलांची. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत केरळचा एल्डोस पॉल १७.०३ उडून सुवर्ण जिंकला, अब्दुल्ला अबूबकर १७.०२ वर रौप्य. तमिळनाडूचा प्रवीण चित्रवेल १६.८९ वर चौथा, तीन सेंटीमीटरनं कांस्य हुकलं. पुढच्या वर्षी मे महिन्यात हवानाला त्याच प्रवीणनं १७.३७ चा राष्ट्रीय विक्रम केला आणि हांगझोऊच्या आशियाई खेळांत कांस्य घेतलं. पण पॅरिस ऑलिंपिकमध्ये प्रवीण आणि अब्दुल्ला दोघेही पात्रता फेरीपुढे गेले नाहीत. मोठ्या स्पर्धेत पात्रतेला तीन उड्या मिळतात. सकाळी लवकर, अनोळखी ट्रॅक, अनोळखी वारा, प्रशिक्षक लांब कठड्यापलीकडे. चार वर्षांची मेहनत त्या तीन उड्यांत. आता फाऊलही पूर्वीसारखा बोर्डपुढच्या मऊ प्लॅस्टिसिनच्या पट्टीवरच्या ठशावर ठरत नाही. बोर्डच्या पुढच्या कडेची सरळ उभी रेषा बुटाच्या टोकानं ओलांडली की लाल झेंडा, पाय जमिनीला न लागताही.

लंडन १९४८ ला आपला हेन्री रेबेलो, अवघा एकोणीस वर्षांचा, पदकाच्या आशेनं अंतिम फेरीत उतरला होता. थंडीत खोळंबलेल्या अंगानं मारलेल्या पहिल्याच उडीत त्याचं हॅमस्ट्रिंग फाटलं आणि स्पर्धा संपली. म्हणून वाट बघण्याची कलाही शिकवावी लागते. दोन उड्यांमध्ये पंधरा-वीस मिनिटं जातात. तेवढ्या वेळात अंग गरम ठेवायचं, डोकं थंड ठेवायचं, दुसऱ्याचा फलक बघायचा नाही. मी मुलांना सरावातही मुद्दाम अर्धा अर्धा तास बसवून मग उडायला लावतो. घरच्यांना वाटतं सर वेळ घालवतायत.

पैशाचं स्पष्ट बोलतो. या उडीत बक्षिसाच्या रकमेवर जगणारे जगात मोजके. भारतीय खेळाडू जगतो नोकरीवर: रेल्वे, सेना, नौदल, पोलीस. एल्डोस नौदलात आहे. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी कोणत्या स्पर्धेतलं कोणतं स्थान चालतं याचे नियम आहेत आणि प्रमाणपत्रांची पडताळणी होते. म्हणून शालेय स्पर्धांपासून प्रत्येक प्रमाणपत्र, त्यावरची तारीख, नावाचं स्पेलिंग आणि जन्मतारीख आधारशी जुळते का, हे आत्ताच बघून फाइलला लावा. बारावीला क्रीडा गुणांचा प्रस्तावही शाळेकडून वेळेत जायला हवा. पदवी मात्र तिनं घ्यावीच. तिशी-पस्तिशीत कधीतरी उडी थांबते, आणि पुढे अर्ध्याहून जास्त आयुष्य असतं. अमेरिकेचा ख्रिश्चन टेलर दोन ऑलिंपिक सुवर्णांचा मानकरी, गुडघ्यामुळे उचलीचा पायच बदलून पुन्हा जगज्जेता झालेला. त्याचीही टाचेमागची अकिलीसची शीर २०२१ ला तुटली आणि टोकियो ऑलिंपिक हुकलं. रोहासचंही २०२४ ला तसंच झालं, पॅरिस गेलं. या खेळाचा शेवट खेळाडूला विचारून येत नाही.

आणि पावडरचे डबे. कुणीही, सरांनी, सीनियरनं, जिमवाल्यानं, दिलेली पावडर किंवा गोळी तिला देऊ नका. सर्दीचं औषधसुद्धा ‘मी खेळाडू आहे’ असं डॉक्टरांना सांगून घ्यायचं. नाडाची, म्हणजे राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेची, चाचणी राष्ट्रीय स्पर्धांत होते, लहान वयाच्या खेळाडूंचीही, आणि अंगात जे सापडेल त्याला जबाबदार खेळाडूच असतो.

तर पुढचं वर्ष मी असं लावीन. टाचेचा निकाल लागेपर्यंत एकही उडी नाही. पोहणं, सायकल, पोट-पाठ-मांड्यांची ताकद चालेल. डॉक्टरांनी मोकळं केलं की सहा आठवडे नुसतं गवतावर. अकरावीचा उरलेला काळ आठवड्याला पाच सराव, बारावीत तीन, आणि स्पर्धा फक्त दोन: शालेय आणि जिल्हा संघटनेची. पुढच्या हंगामात अंतर वाढलं नाही तरी चालेल, १२.०८ चं ११.९० झालं तरी चालेल. बारावीनंतर तिला सिंथेटिक ट्रॅक आणि उड्यांचा स्वतंत्र प्रशिक्षक असलेल्या ठिकाणी हलवायचा विचार करा. पुण्यात बालेवाडीला सोय आहे, साईच्या, म्हणजे भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या, केंद्रांच्या निवड चाचण्याही असतात. जाण्याआधी तिथे एक संध्याकाळ नुसतं बसून बघा: मुलींशी प्रशिक्षक कसं बोलतात, दुखतंय म्हणणाऱ्या मुलीला काय उत्तर मिळतं.

डॉक्टरांचा अहवाल आला की मला कळवा. शक्य असेल तर तिच्या दोन-तीन उड्यांचा जुना व्हिडिओ पाठवा, बाजूनं काढलेला, आवाजासकट. आवाज बंद करून पाठवू नका.